आधी निदान, मग बिल

प्रति,
माननीय मंत्री,
ग्राहक व्यवहार, अन्न व सार्वजनिक वितरण,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,



चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक दिवस पिवळा दिवा लागतो. गाडी चालत असते, वेगही घेते, फक्त ओल्या मातीच्या चढावर मागची चाके गप्प राहतात. मालक गाडी सर्व्हिस सेंटरला नेतो. तासाभराने हातात कागद येतो: असेंब्ली बदलावी लागेल. हा निष्कर्ष कोणत्या लक्षणावरून निघाला, काय तपासले, दुसरा कोणता संशय का बाजूला ठेवला, यातले त्या कागदावर काही नसते. रक्कम मात्र पैशापर्यंत छापलेली असते. हे पत्र दिवा आणि बिल यांच्यामधल्या त्या कोऱ्या जागेबद्दल आहे. आपल्या खात्याने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी पोर्टल सुरू केले. शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि मोटारगाड्या ही चार क्षेत्रे त्यात धरली. हे काम चांगलेच झाले. पण सुटे भाग कुठे मिळतील आणि दुरुस्ती कोण करील, हे प्रश्न दुसऱ्या पायरीवरचे आहेत. काय बिघडले आहे हे ठरवण्याचा अधिकार एकाच पक्षाच्या हाती असेल, तर दुरुस्तीचा हक्क कागदावर उरतो. म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की दुरुस्तीच्या हक्काच्या आधी निदानाचा हक्क कायद्यात आणा.

हे पत्र जबलपूरहून लिहिण्याला कारण आहे. चारही चाकांना ताकद देणारी गाडी या गावाला नवी नाही. इथला तोफगाडी कारखाना 1904 सालचा आणि वाहन कारखाना 1969 चा. शक्तिमान ट्रक जर्मनीच्या मान कंपनीच्या परवान्यावर या गावात तयार झाले. पुढे स्टॅलियन आणि एलपीटीए ट्रकही इथूनच लष्कराकडे गेले. निस्सानच्या पट्रोल या गाडीची भारतीय आवृत्ती इथे बनली आणि तिला जोंगा हे नाव पडले. ते ऐकायला एखाद्या बोलीतल्या शब्दासारखे वाटते, पण आहे जबलपूरच्या कारखान्यांच्या इंग्रजी नावातल्या अक्षरांची जुळवाजुळव. जोंगाच्या पोटाखाली सरपटून गेले, की सगळी यंत्रणा उघडी दिसे: गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस, तिथून पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलकडे जाणारे दोन शाफ्ट, शाफ्टच्या टोकांना क्रॉस. शाफ्ट दोन्ही हातांनी धरून उलटसुलट फिरवला, की कोणता क्रॉस झिजला हे मनगटाला कळे. जोंगाचे गोडवे गाण्याचा इथे इरादा नाही. ती पेट्रोल पाण्यासारखे पीत असे आणि तिचे स्टिअरिंग फिरवणे हा व्यायाम होता. पण तिच्या बिघाडाचे ज्ञान कोणाच्या तिजोरीत बंद नव्हते.

त्याचे कारण फक्त यंत्र साधे होते एवढेच नाही. गिऱ्हाईक जबर होते. लष्कर आजही गाडी नुसती चालवून पाहून घेत नाही. संरक्षण खरेदीच्या कार्यपद्धतीत देखभाल कितपत जमते याची वेगळी चाचणी असते. लष्कराची ईएमई शाखा गाडी खोलून, जोडून पाहते. पुरवठादाराने गाडीबरोबर तांत्रिक पुस्तिका, दुरुस्तीची खास हत्यारे, तपासणीची उपकरणे आणि सुट्या भागांची यादी द्यायची असते. बिघाड शोधण्याचे साधन मिळत नसेल तर तो सौदा अर्धवट, हे सरकारला गिऱ्हाईक म्हणून नीट ठाऊक आहे. जबलपूरच्या 506 आर्मी बेस वर्कशॉपसारख्या ठिकाणी काम चालते ते याच भांडवलावर. मग तेच सरकार नागरिकाचे पालक म्हणून उभे राहते तेव्हा या गोष्टीचा विसर का पडतो? सैन्याच्या ट्रकला जे मिळते, ते वीस-तीस लाख मोजणाऱ्या माणसाच्या गाडीला का मिळू नये?

याला उत्तर म्हणून असे सांगितले जाते, की आजची गाडी फार गुंतागुंतीची आहे, निदान हे तज्ज्ञाचेच काम आहे. म्हणून निदान प्रत्यक्षात कसे होते ते थोडे जवळून पाहू. चारही चाकांच्या गाडीत बिघाड वाटणाऱ्या कितीतरी गोष्टी मुळात बिघाड नसतात. ज्या गाडीत लिव्हर टाकून पुढचा अ‍ॅक्सल जोडावा लागतो, तिच्यात मध्ये डिफ्रन्शियल नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावर चालतात. चिखलात हा फरक चाके घसरून भरून निघतो, कोरड्या डांबरावर निघत नाही. ताण शाफ्टमध्ये साठत जातो, स्टिअरिंग जड होते, टायर किंचाळतात, लिव्हर जागचा हलत नाही आणि मालकाला वाटते गिअरबॉक्स बसला. उपाय काय, तर गाडी चार-सहा मीटर सरळ मागे घ्यायची. ताण सुटतो, लिव्हर निघतो. हे ज्याला माहीत नाही त्याला कोणतेही बिल पटवता येते. कान्हाच्या जंगलात पर्यटकांना फिरवणाऱ्या जिप्सी वर्षानुवर्षे याच पद्धतीच्या यंत्रणेवर चालत आल्या आहेत. त्यांचे चालक ही खोड पहिल्या हंगामातच शिकतात, कारण त्यांना ती कोणीतरी सांगितलेली असते.

दुसरा संशयित रबराचा असतो. आपल्याकडे टायर दोन-दोन करून बदलण्याची पद्धत आहे, आणि दोन चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत त्यात फारसे बिघडत नाही. चारही चाके जोडलेल्या गाडीत हिशोब बदलतो. 235/65 आर 17 या मापाचा नवा टायर घ्या. त्याचा व्यास साधारण 737 मिलिमीटर, परीघ 2316. चार मिलिमीटर झिजलेल्या टायरचा व्यास आठ मिलिमीटरने कमी होतो आणि परीघ येतो 2291 च्या आसपास. फरक एक टक्का. वाचताना काहीच वाटत नाही. पण नव्या टायरला किलोमीटरभर जायला 432 फेरे लागतात, जुन्याला सुमारे पावणेपाचने जास्त. जबलपूरहून लखनादौन, सिवनीमार्गे नागपूर सुमारे 270 किलोमीटर. नवे दोन टायर पुढे बसवले असतील, तर तेवढ्या एका फेरीत मागचा अ‍ॅक्सल पुढच्यापेक्षा बाराशेहून जास्त वेळा फिरतो, तेही सरळ रस्त्यावर, एकही वळण न घेता. हा फरक मागची चाके जोडणाऱ्या मधल्या कपलिंगच्या क्लच-पट्ट्या घासून घासून पचवतात. पट्ट्या तापतात, तेल काळे पडते, आणि संगणकाला कधी कधी वाटते की चाके घसरताहेत. जपानची सुबारू कंपनी म्हणूनच चारही टायरांच्या परिघातला फरक पाव इंचाच्या आत ठेवायला सांगते. पाव इंच म्हणजे सहा मिलिमीटर. आपल्या उदाहरणातला फरक आहे पंचवीस. तेव्हा कपलिंग जळले हे निदान बरोबर असूनही अपुरे असू शकते. नवे कपलिंग त्याच टायरांवर बसवले, तर ते त्याच वाटेने जाणार. टायरचा घेर मोजायला लागते शिंप्याची टेप आणि पाच मिनिटे.

त्यानंतर येतो आवाज. गाडीच्या आवाजाला व्याकरण असते. वेगाबरोबर वाढणारी घरघर गाडी न्यूट्रलमध्ये टाकून सोडली तरी तशीच राहिली, तर इंजिन आणि क्लच सुटले. संशय चाकाच्या बेअरिंगवर, टायरवर किंवा डिफ्रन्शियलवर. डावीकडे वळताना घरघर वाढली तर वजन उजवीकडे गेले, म्हणून उजवे बेअरिंग बघायचे. ताकद लावताना किंकाळी आणि पाय उचलताच शांतता, किंवा याच्या उलट, असे असेल तर क्राउन-पिनियनचे दात कोणत्या बाजूने घासले त्याचा माग लागतो. अगदी तोंडापर्यंत स्टिअरिंग वळवल्यावर कट-कट येते ती पुढच्या अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या जॉइंटची. गिअर टाकताना ठण्ण वाजले तर शाफ्टचा क्रॉस. किंवा ज्याची किंमत त्याच्या पासंगालाही पुरत नाही, ते इंजिनाच्या माउंटिंगचे फाटलेले रबर! दोन्हीचा आवाज सारखा. फरक कळतो तो गाडी लिफ्टवर घेऊन कोणीतरी हात लावला तरच.

आणि मग तेल. डिफ्रन्शियलच्या ड्रेन प्लगला बऱ्याच गाड्यांत लोहचुंबक असते. प्लग उघडून त्यावरचा थर दोन बोटांत चोळून पाहायचा. करडा, मेणासारखा मऊ लेप असेल तर ती रोजची झीज आहे. पुसा, तेल भरा, पुढे चला. बोटाला टोचले, चकाकणारी कपची निघाली, तर आत काहीतरी तुटले आहे. तेल दुधाच्या चहासारखे दिसले तर पाणी शिरले. पावसाळ्यात मंडलाच्या बाजूला नाले पार करणाऱ्या गाड्यांत हे होऊ शकते: तापलेला अ‍ॅक्सल थंड पाण्यात बुडला की आतली हवा आकसते आणि श्वासनळीतून किंवा सीलमधून पाणी आत ओढले जाते. यातल्या कशालाही संगणक लागत नाही, आणि यातले काहीही त्या बिलाच्या कागदावर लिहिलेले नसते. काही कंपन्या तर कपलिंग किंवा डिफ्रन्शियलचे तेल आयुष्यभर पुरेल असे सांगतात. कोणाचे आयुष्य, हे मोघम ठेवतात.

इथवरचे काम हुशार फिटर करू शकतो. पुढे भिंत लागते आणि ती भिंत यंत्राने घातलेली नाही, धोरणाने घातली आहे. आपल्याकडे भारत स्टेज 4 बरोबर गाडीत स्वतःची तपासणी करणारी यंत्रणा सक्तीची झाली. तिचा दुसरा टप्पा एप्रिल 2013 पासून आला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडला की कोड दिसतात ते यामुळे. पण ही सक्ती धुरासाठी आहे. धुराशी संबंध असलेले कोड सगळ्यांना सारखे आणि उघडे. बाकीचे कंपनीच्या मर्जीवर. स्वस्त स्कॅनरवर पी0700 हा कोड आला, तर त्याचा अर्थ एवढाच होतो की गिअरबॉक्सच्या संगणकाला काहीतरी सांगायचे आहे. काय सांगायचे आहे, ते त्या दुसऱ्या संगणकाच्या पोटात असते. तिथे पोचायला कंपनीचे सॉफ्टवेअर हवे. मागच्या चाकांच्या कपलिंगची तर त्याहून वाईट गत: त्याचे कोड, त्याच्या पंपाला किती करंट जातो, क्लचवर किती दाब येतो, तेल किती तापले आहे, हे सगळे कंपनीच्या भाषेत. आजाऱ्याने पोटात दुखते म्हणावे आणि कुठे दुखते हे सांगायला फक्त एकाच दवाखान्यात परवानगी असावी, अशातला हा प्रकार.

या भिंतीची किंमत दोन उदाहरणांतून कळेल. एका चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बिघडला, की संगणकाला चारही चाकांची तुलना करता येत नाही, आणि तो खबरदारी म्हणून मागच्या चाकांची जोडणी बंद करून टाकतो. डॅशबोर्डवर अक्षरे उमटतात ती चारही चाकांच्या यंत्रणेच्या बिघाडाची. मालकाला दिसतो ट्रान्समिशनचा खर्च, प्रत्यक्षात गेलेला असतो ब्रेकच्या यंत्रणेतला एक छोटा सेन्सर किंवा उंदराने कुरतडलेली त्याची वायर. दुसरे उदाहरण हॅल्डेक्स कपलिंगचे. मूळ स्वीडनची ही पद्धत 1998 पासून युरोपीय गाड्यांत आली, आणि तिच्या पाचव्या पिढीची कपलिंगे आपल्याकडच्या काही एसयूव्हींतही आहेत. या पिढीत आधीसारखा बदलता येणारा फिल्टर ठेवला नाही. पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी आहे. क्लचच्या पट्ट्यांची भुकटी त्या जाळीत साठते, पंपाला तेल ओढवत नाही, तो झटत राहतो आणि शेवटी जळतो. कित्येकदा दिवाही लागत नाही. गाडी मुकाट्याने दोन चाकांवर चालत राहते. वेळीच पंप काढून जाळी धुतली आणि तेल बदलले तर काम निभावते. नंतर आले तर पंप. आणि निदान न करणाऱ्याकडे गेले, तर पूर्ण कपलिंग. तीन खर्चांमधला फरक काही पटींचा आहे, आणि कोणता लागू पडतो हे ज्याला कळू शकते त्याचाच सर्वात महागडा पर्याय विकण्यात फायदा आहे. इथे कोणाच्या लबाडीचा आरोप करण्याची गरजही नाही. रचनाच अशी आहे, की सज्जन मेकॅनिकसुद्धा तपासात दोन तास घालवण्याऐवजी असेंब्ली मागवून मोकळा होतो.

हा प्रश्न सरकारी यंत्रणेला नवा नाही. स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणे हा आरोप त्यात सिद्ध धरला होता. निदानाची साधने, हे शब्द तेव्हाच सरकारी कागदावर आलेले आहेत. बाहेर काम करून घेतले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असेही आयोगाने बजावले. त्यावर अपिले झाली, स्थगित्या आल्या, आणि रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्याच्या हातात त्यातून काही पडले नाही. आता आपल्या खात्याने दुरुस्ती-सुलभतेच्या निर्देशांकाचा विचार सुरू केला; त्याच्या समितीचा अहवाल 2025 मध्ये आला. तो मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांपुरता आहे. मोबाइल दुरुस्त होण्याजोगा आहे का हे ग्राहकाला कळावे आणि गाडीबद्दल कळू नये, हा क्रम उलटा वाटतो.

कंपन्यांचे आक्षेप तीन-चार आहेत आणि सगळेच पोकळ नाहीत. बौद्धिक संपदेचा आक्षेप आयोगापुढेही मांडला गेला आणि टिकला नाही. कोडचा अर्थ सांगणे म्हणजे सॉफ्टवेअरचा नुस्खा देणे नव्हे. तापमान 39 अंश आहे हे सांगायला थर्मामीटरचे पेटंट द्यावे लागत नाही. सुरक्षिततेचा आक्षेप जास्त वजनदार आहे. चावीचे प्रोग्रॅमिंग किंवा चोरीरोधक यंत्रणा कोणालाही उघडी करून देणे धोक्याचेच. युरोपने यावर तोडगा काढला आहे: अशा संवेदनशील माहितीसाठी स्वतंत्र मेकॅनिकची पडताळणी करून त्याला ओळखपत्र द्यायचे आणि त्याच्या नावावरच दार उघडायचे. बाकीची दुरुस्तीची माहिती युरोपच्या 2018 च्या नियमावलीने, म्हणजे 2018/858 ने, वाजवी शुल्कात द्यावीच लागते. पुढे एका कंपनीने सॉकेटपर्यंत पोचायला स्वतःची नोंदणी आणि वर्गणी लावली, तेव्हा ऑक्टोबर 2023 मध्ये युरोपीय न्यायालयाने ते चालणार नाही असे सांगितले. ऑस्ट्रेलियात असाच कायदा जुलै 2022 पासून लागू आहे. म्हणजे चोरांच्या भीतीने सगळ्या गावाच्या किल्ल्या एकाच सावकाराकडे ठेवायची गरज नाही, हे दोन खंडांत करून दाखवलेले आहे.

तिसरा आक्षेप हा, की स्थानिक मेकॅनिकला हे झेपणार नाही. खरे सांगायचे तर काही अंशी तो बरोबर आहे. कोड उडवून दिवा विझवायचा, पैसे घ्यायचे आणि दिवा पुन्हा लागेपर्यंत गिऱ्हाईक लांब गेलेले असेल अशी आशा करायची, ही कलाही आपल्याकडे बहरली आहे. कपलिंगमध्ये त्याचे खास तेल सोडून हाताला लागेल ते गिअर ऑइल ओतणारेही आहेत. पण अज्ञानावरचा उपाय म्हणून ज्ञान बंद ठेवणे हा अजब न्याय झाला. ज्या गावात आयुध कारखान्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अप्रेंटिस घडवले, जिथे 1947 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथे माणसे नाहीत असे म्हणता येणार नाही. त्यांच्यापर्यंत पुस्तक पोचलेले नाही. आणि जबलपूरसारख्या शहरात एखाद्या कंपनीचे अधिकृत केंद्र नसेल, तर मालकाला भोपाळ किंवा नागपूर गाठावे लागते; तेही बिघडलेल्या गाडीने, किंवा ती क्रेनवर चढवून. मागची चाके जमिनीवर ठेवून अशी गाडी ओढत नेली, की चांगले असलेले कपलिंगही वाटेत खराब होऊ शकते. निदान जवळ होणे ही त्या गाडीची गरज असते.

चौथा आक्षेप बहुधा आपल्याच फायलीवर कोणीतरी लिहील: अशा गाड्या आहेत किती? थोड्या आहेत, हे मान्य. पण बिघाड शोधण्याची सर्वात अवघड कसोटी त्यांच्यातच लागते. गाडीच्या एका टोकाचे टायर, दुसऱ्या टोकाचे कपलिंग आणि मधला ब्रेकचा सेन्सर एकमेकांवर आळ घेतात अशी ही एकच यंत्रणा, आणि इथे जो नियम पुरेल तो छोट्या हॅचबॅकला सहज पुरेल. शिवाय काळ त्याच दिशेने चालला आहे. 2025 मध्ये आलेल्या हॅरियर ईव्हीच्या चारही चाकांना ताकद देणाऱ्या आवृत्तीत पुढे एक आणि मागे एक मोटर आहे. मध्ये शाफ्टच नाही. हाताने धरून हलवायला, कानाने ऐकायला फारसे काही उरत नाही. अशा गाडीत निदान म्हणजे जवळजवळ सगळे सॉफ्टवेअर. आज जी भिंत अर्धी आहे, ती उद्या छताला लागेल.

गाड्यांचे तांत्रिक नियम रस्ते वाहतूक मंत्रालय करते, हेही ठाऊक आहे. पण ग्राहक संरक्षण कायदा 2019 आपला आहे, आणि त्यातल्या सेवेतील त्रुटीच्या व्याख्येत ग्राहकापासून संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणे हीसुद्धा त्रुटीच मानली आहे. त्याच कायद्यात दोष तपासण्यासाठी वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद आहे. जिल्हा ग्राहक आयोगापुढे उभ्या राहिलेल्या मालकाची अडचण अशी, की प्रयोगशाळेपर्यंत जाण्याआधीच जुना भाग भंगारात गेलेला असतो, कोड पुसलेले असतात, तेल गटारात. पुरावा नष्ट करण्याची ही पद्धत इतकी रुळली आहे की कोणालाच ती तशी वाटत नाही.

म्हणून आपण करण्याजोगे काय, ते स्पष्ट लिहितो. ठरावीक रकमेच्या वरची कोणतीही असेंब्ली बदलण्यापूर्वी लेखी निदानपत्रक देणे सक्तीचे करा. त्यात सगळ्या संगणकांतले कोड, चारही टायरांचे घेर, तेलाची अवस्था आणि चुंबकावर काय सापडले याची नोंद असावी, कोणत्या तपासणीने कोणता संशय फेटाळला हे एका ओळीत असावे, आणि जुना भाग मागितल्यास परत मिळावा. डॉक्टर शस्त्रक्रियेआधी रिपोर्ट दाखवतो, त्यापेक्षा हे जास्त नाही. रस्ते वाहतूक मंत्रालयाशी बोलून धुराच्या कोडांना जो उघडेपणा आहे तो गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, कपलिंग आणि ब्रेकच्या कोडांनाही द्या. शुल्क लावा, पण ते गल्लीतल्या गॅरेजला परवडेल असे असू द्या. कोणत्या डब्यात कोणते तेल, किती आणि कधी बदलायचे, टायरांत किती फरक चालतो, टोचन लावून गाडी कशी न्यायची, हे मालकाच्या पुस्तिकेत हिंदी, मराठीसह भारतीय भाषांत छापायला लावा. दुरुस्तीच्या निर्देशांकात मोटारी आणा, आणि त्यात निदान किती उघडे आहे याला वेगळे गुण ठेवा.

यातले पहिले, निदानपत्रकाचे, करायला संसदेत जावे लागेल असे वाटत नाही, आणि त्याने कोणत्याही प्रामाणिक सर्व्हिस सेंटरचे नुकसान नाही. उलट तपासाला दिलेल्या दोन तासांचे पैसे त्यांना उजळ माथ्याने मागता येतील. ग्राहकानेही ते कुरकुर न करता द्यावेत, हे इथेच लिहून ठेवतो. दर वर्षी 24 डिसेंबरला आपले खाते ग्राहकांसाठी काही ना काही जाहीर करते. या वर्षी त्या दिवशी निदानपत्रकाचा एक पानी नमुना प्रसिद्ध करावा, ही विनंती.

कळावे,

आपला,
एक ग्राहक
जबलपूर